डिशवॉशरच्या तळाशी पाणी साचतं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. डिशवॉशरचं दार उघडलं आणि तळाशी तेलकट, पिवळसर पाणी दिसलं, की पहिला संशय पंपावर जातो. पण बहुतेक वेळा पंप धडधाकट असतो. अडकलेलं असतं ते आपल्याच ताटातलं काहीतरी.

गाळणीखालच्या खळग्यात थोडं स्वच्छ पाणी राहणारच, तो बिघाड नव्हे. पाणी गाळणीच्या वर चढलं, तरच पुढचं करा.

आधी प्लग काढा. खालचा रॅक बाहेर घ्या, पाणी मगाने आणि स्पंजने उपसा. मधली नळकांड्यासारखी गाळणी डावीकडे फिरवून उचला, तिच्याखालची चपटी जाळीही काढा. मोहरी, कढीपत्त्याचे देठ, भाताची शितं आणि त्यांवर थिजलेलं तूप तिथे सापडेल. गरम पाणी आणि मऊ ब्रश पुरे. तारेची घासणी लावू नका, जाळी फाटते. साबण लावलाच तर पूर्ण धुऊन काढा, कारण फेस झाला की पंप हवा ओढतो आणि पाणी जागचं हलत नाही.

आता खळग्यात हात घालायचा, पण जाड रबरी मोजा घालूनच. फुटलेल्या ग्लासची काच तिथेच बसते. बऱ्याच मशीनमध्ये पंपावरचं छोटं झाकण चमच्याने उचकटून निघतं. आतलं पातं बोटाने फिरवा. चुंबकामुळे ते अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतं, ते ठीकच. हललंच नाही, तर लिंबाची बी किंवा टूथपिक अडकलेली असेल. झाकण परत बसवताना 'कट्' असा आवाज यायला हवा. बॉशच्या अनेक मॉडेलांवर ई-२५ हा कोड याच जागेसाठी येतो. ई-२४ आला तर घाण पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपकडे वळा.

मशीन ओट्याखाली ढकलताना मागचा पाइप मुडपतो, तो आधी सरळ करा. सिंकखाली त्याला ओट्याला टेकेल इतका उंच बाक द्या, नाहीतर सिंकचं घाण पाणी उलटं मशीनमध्ये येतं.

यानंतरची कसोटी बादलीची, आणि ती मेकॅनिकला बोलावण्याआधी जरूर करा. गाळणी जागेवर बसवा, मशीनमध्ये दोन-तीन तांबे पाणी ओता, पाइपचं टोक सिंकच्या जोडणीतून काढून बादलीत धरा, प्लग लावा आणि चालू प्रोग्रॅम रद्द करा, म्हणजे पंप पाणी बाहेर काढू लागेल. पाणी जोरात बादलीत आलं, तर दोष मशीनचा नाही. सिंकखालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे गाळ साचतो तो बाटलीसारखा भाग, आणि जोडणीचं तोंड खोलून साफ करा. पंप घुमतोय पण धार बारीक, तर पाइपमध्येच चिकट गाळ आहे. पंपाचा आवाजच नाही, तर पंप किंवा त्याची वायर तपासावी लागेल. तेव्हा मेकॅनिकला बोलवा, आणि बादलीत काय दिसलं ते फोनवरच सांगा.