नियम येतो, आपण थांबतो
(निपाणी येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, २०१७ चा गुढीपाडवा २८ मार्चला होता. त्या मुहूर्तावर ज्यांनी दुचाकी घेतली, त्यांना तो पाडवा अजून आठवत असेल. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकायच्याही नाहीत आणि नोंदवायच्याही नाहीत. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुरावरची सरकारी मर्यादा; आकडा जितका मोठा तितकी ती कडक. देशभरात आठ लाखांच्या वर गाड्या पडून होत्या. कंपन्यांनी दुचाकीवर बारा हजारांपासून वीस-बावीस हजारांपर्यंत सूट जाहीर केली आणि शोरूमपुढे जत्रा भरली. पाडव्याला पूर्ण पैसे मोजून, हार घालून गाडी घरी आणलेल्या माणसाला तीन दिवसांनी शेजाऱ्याच्या दारात तीच गाडी पंधरा हजारांनी स्वस्त उभी दिसली. त्याच्या तोंडून प्रदूषणाविषयी काय निघालं असेल, ते व्यासपीठावरून सांगता येत नाही.

धूर कमी करायला आलेल्या नियमाचं आपण स्वागत केलं, ते जास्त धूर सोडणाऱ्या गाड्या घाईघाईनं घरी आणून. यात लोकांना नावं ठेवायला मी उभा नाही. वीस हजार वाचत असतील तर कोण सोडेल?

मला विषय दिलाय तो वाहनांचे कडक नियम आणि लोकांची प्रतिक्रिया असा. प्रतिक्रिया म्हटलं की डोळ्यांपुढे मोर्चा येतो, आणि मोर्चे या सीमाभागाला कुणी शिकवायला नकोत. पण गाड्यांच्या नियमाविरुद्ध आपण सहसा मोर्चा काढत नाही. आपण थांबतो. चार महिने कळ काढली की नियम मऊ पडतो, हा आपला अनुभव आहे, आणि तो अनुभव आपल्याला सरकारनंच दिलाय.

२०१९ आठवा. ऑगस्टात महापूर आला. वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा, सगळ्याच फुगल्या. घरं पडली, पिकं कुजली, महामार्ग बंद पडला. गाळ अजून घरातून निघाला नव्हता, तोवर १ सप्टेंबरला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला. हेल्मेट नसेल तर १,००० रुपये, लायसन नसेल तर ५,०००, दारू पिऊन चालवली तर १०,०००. कर्नाटकानं तो लगेच अमलात आणला. महाराष्ट्रानं मात्र विधानसभेची निवडणूक तोंडावर होती म्हणून हात आखडता घेतला. म्हणजे निपाणीत नवा दंड आणि पलीकडे कागलात जुनाच. इथून कागल काही लांब नाही, तुम्हीच सांगा. तीन आठवड्यांत कर्नाटकानंही माघार घेतली आणि हेल्मेटचा दंड ५०० वर आणला. महाराष्ट्रानं वाढीव दंड लावले ते थेट डिसेंबर २०२१ मध्ये.

ज्यानं पहिल्या तीन आठवड्यांत हजार भरले तो मूर्ख ठरला आणि पावती खिशात घालून गप्प बसलेला शहाणा. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकानं थकलेल्या दंडावर निम्मी सूट दिली, तेव्हा भरायला रांगा लागल्या. दंडाचाही सेल! नंबर प्लेटचं तेच. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट लावा म्हणून कर्नाटकानं मुदत दिली १७ नोव्हेंबर २०२३. ती गेली १७ फेब्रुवारीवर, मग ३१ मेवर, आणि तिथूनही पुढे. वेळेत पैसे भरून प्लेट ठोकून घेतलेल्यांना गल्लीतली पोरं हसत होती. महाराष्ट्रातही मुदती अशाच सरकल्या, त्यामुळे एमएच-०९ वाल्या कोल्हापूरकरांनी आपल्याला हसायचं कारण नाही.

आता याच्या उलट एक उदाहरण देतो. बेळगावात उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे. मोठ्या कंपन्यांना माल देणारे जे असतात, त्यांना आम्ही सुटे भाग देतो. बीएस-६ येणार हे आम्हाला चार वर्षं आधी माहीत होतं. सरकारनं २०१६ मध्येच सांगितलं होतं की बीएस-५ गाळून थेट बीएस-६ वर जायचं, तारीख १ एप्रिल २०२०. तारीख पुढे जाईल असं बोलणारे भरपूर होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती आशाही संपवली. टाळेबंदीत शेवटी थोडा गोंधळ झाला, तेवढा सोडा. पण तारीख हलणार नाही हे एकदा कळल्यावर तेल कंपन्यांनी डिझेलमधलं गंधक दशलक्षात ५० भागांवरून १० वर आणलं, गाड्यांच्या कंपन्यांनी इंजिनं बदलली. डिझेल कारच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर यायचे होते आणि काजळीचे कण २५ वरून साडेचारवर. हे काही एक जाळी बसवून होत नाही. आमचं काय झालं? २०१९ च्या मंदीत ऑर्डरी आटल्या, आमची दुसरी पाळी बंद झाली. नव्या दुचाकींत कार्बोरेटर उरला नाही, त्यामुळे त्याचे भाग करणाऱ्यांना नवं काम शोधावं लागलं. त्रास झाला, पण वाट बघून सुटका होईल असं कुणाला वाटलं नाही, म्हणून सगळे कामाला लागले.

आणि गिऱ्हाईक? दुचाकी दहा-बारा टक्क्यांनी महाग झाली, चार दिवस कुरकुर झाली, मग लोक घेऊ लागले. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाकीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. त्याविरुद्ध तुमच्यापैकी कुणी ब्र काढल्याचं आठवतंय? नियम गाडीच्या आतच बसून आला की आपण पैसे देतो आणि विसरतो. तोच नियम चौकात पोलिसाचा पांढरा शर्ट घालून "हेल्मेट एल्लि री?", म्हणजे हेल्मेट कुठंय, म्हणत उभा राहिला की आपल्याला स्वातंत्र्य आठवतं.

बीएस-६ बद्दल एक तक्रार मात्र खरी आहे. डिझेल गाडीत काजळी अडवणारी गाळणी असते. साचलेली काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. टिळकवाडीतून खडेबाजारात जायचं, पार्किंग शोधत दोन फेऱ्या मारायच्या आणि परत यायचं, एवढंच आयुष्य असलेल्या गाडीला ते कुठून जमणार? डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीचा दम जातो आणि मालक सरकारला शिव्या देतो. खरं तर 'साहेब, तुमच्या फिरण्याला पेट्रोल घ्या' हे विकणाऱ्यानं सांगायला हवं होतं. मग कुणीतरी गॅरेजवाला ती गाळणी काढून टाकतो, सेन्सरला चकवतो. आठ-दहा लाखांची बीएस-६ गाडी एका दुपारी कुठल्या जमान्यात जाते, त्याचा हिशेब नको.

आणि असली गाडी पकडणार कोण? आपण 'एमिशन' काढतो, महाराष्ट्रात पीयूसी म्हणतात. पेट्रोल गाडीच्या धुराच्या नळीत नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, डिझेलच्या धुराची दाटी बघतात. नायट्रोजन ऑक्साइड आणि बारीक कण, ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, ते या तपासणीत मोजलेच जात नाहीत. त्यात तपासणी तरी नीट होते का? नळी बंपरपाशी नुसती टेकवलेली मी पाहिलीय. फोटोत नंबर आला की कागद मिळतो. हा कागद नसला तर कायद्यात दंड १०,००० पर्यंत आहे. दहा हजारांची भीती आणि मिनिटभराची तपासणी, यातून लोक नियम शिकत नाहीत, कागद सांभाळायला शिकतात.

'आधी रस्ते करा, मग दंड घ्या' असं आता कुणीतरी विचारणारच. खड्ड्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण खड्डा आहे म्हणून हेल्मेट नको, हे गणित मला कधी सुटलं नाही. खड्डा आहे म्हणून तर ते जास्त हवं. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली. कर्नाटकात मागे बसणाऱ्यालाही २०१६ पासून हेल्मेट सक्तीचं आहे. आपण काय करतो? कोपरात अडकवून आणतो, चन्नम्मा चौक आला की डोक्यावर ठेवतो, पट्टा मोकळाच. जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं हेल्मेट विकणं गुन्हा आहे, तरी महामार्गाकडेला टोप्या टांगलेल्या असतातच. त्या दंडापासून वाचवतात, एवढंच त्यांचं काम.

शेवटचा मुद्दा आपल्या घरचा आहे आणि त्यावर मला टाळ्या मिळणार नाहीत. ऊस. दिवाळीनंतर संकेश्वर, चिकोडी, अथणी, कुठल्याही रस्त्यानं रात्री या. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रेलर, ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठी की मागचा हॉर्न ऐकू जात नाही. शेवटच्या ट्रेलरला कधी काळी लाल रेडियमची पट्टी लावलेली असते, पण उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, मागून असं लोंबतं की पट्टी त्याच्या आत जाते. दिवा असला तर वायर तुटलेली. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात दुचाकीवाल्याला तो ट्रेलर दिसतो तेव्हा ब्रेक लावायला जागा उरलेली नसते. धुराच्या बाबतीतही ट्रॅक्टरला ढील आहे. २०२३ पासूनचे नवे कडक निकष ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना आहेत, आणि आपल्याकडचे बहुतेक त्याच्या खालचे. ती ढील मला समजते, शेतकऱ्याच्या खिशाचा प्रश्न आहे. रेडियमच्या पट्टीत मात्र कुणाचा खिसा फाटत नाही.

पोलीस हंगामाच्या सुरुवातीला पट्ट्या लावायचा कार्यक्रम करतात, फोटो येतो, महिन्याभरात पट्टी गेलेली असते. पोलीस प्रत्येक फाट्यावर उभे राहू शकत नाहीत. पण प्रत्येक ट्रेलर एका ठिकाणी थांबतोच, कारखान्याच्या काट्यावर. मागची पट्टी दिसत नाही आणि दिवा लागत नाही तोवर वजन होणार नाही, एवढं कारखान्यानं ठरवलं तर दोन दिवसांत वाडं वर बांधलं जाईल. काट्यावरच्या रांगेतला नंबर चुकण्याची भीती दंडापेक्षा मोठी असते, हे ऊस घालणाऱ्या कुणालाही विचारा. या सभागृहात निम्मे तरी सभासद बसलेत. वार्षिक सभेत लाभांशावर तासभर भांडण होतं, तिथं दोन मिनिटं हा ठराव मांडायला अध्यक्षांची परवानगी पुरते, आणि ती नाही मिळाली तरी मांडता येतो.