मॉस्क्वा नदीकाठची एक जागा

नमस्कार मंडळी.

आपल्यापैकी अनेकांच्या मनातला पहिला रशिया लहानपणी स्वस्तात मिळालेल्या सोव्हिएत पुस्तकांतून आला. त्या पुस्तकांत उद्याचा दिवस नेहमी आजच्यापेक्षा उजळ असे. त्या उद्याचे पुढे काय झाले, हे समजून घ्यायला मॉस्कोतली एकच जागा पुरेशी आहे.

१८१२ मध्ये नेपोलियनची फौज माघारी गेल्यावर झार पहिल्या अलेक्झांडरने कृतज्ञता म्हणून तारणहार ख्रिस्ताचे भव्य कॅथेड्रल उभारण्याचा संकल्प केला. क्रेमलिनजवळची जागा ठरली पहिल्या निकोलसच्या काळात, आणि तीही तिथला जोगिणींचा जुना मठ हटवून. १८८३ मध्ये कॅथेड्रलचे पवित्रीकरण झाले. ५ डिसेंबर १९३१ रोजी ते सुरुंग लावून पाडण्यात आले, कारण तिथे ४१५ मीटर उंचीचा, माथ्यावर लेनिनचा पुतळा असलेला सोव्हिएत प्रासाद उभारायचा होता. पाया झाला, पोलादी सांगाडा उभा राहू लागला. मग युद्ध आले आणि ते पोलाद देशाच्या संरक्षणासाठी उतरवावे लागले. उरलेल्या खड्ड्यात १९६० मध्ये गरम पाण्याचा उघडा जलतरण तलाव सुरू झाला. अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला गेले, तेव्हा तो नवाच होता. बर्फ पडत असतानाही वाफेच्या धुक्यात साधी माणसे तिथे पोहत असत. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तलाव गेला, त्याच जागी कॅथेड्रल पुन्हा बांधले गेले आणि २००० मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले.

मला असे वाटते की या पुनर्बांधणीने स्वप्नराज्याचा शेवट झाला नाही, त्याची फक्त दिशा बदलली. पूर्वी ते भविष्यात होते, आता ते भूतकाळात वसवले जात आहे. २०२० च्या घटनादुरुस्तीने हजार वर्षांचा इतिहास, पूर्वजांची स्मृती आणि ईश्वरावरील श्रद्धा हे शब्द राज्यघटनेत आणले. त्याच वर्षी मॉस्कोबाहेर सैन्यदलांचे मुख्य कॅथेड्रल उभे राहिले, ज्याच्या घुमटाचा व्यास दुसऱ्या महायुद्धातल्या विजयाच्या वर्षाची आठवण म्हणून १९.४५ मीटर ठेवला आहे. लेनिनग्राडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत शिकवणाऱ्या स्वेतलाना बॉइम यांनी स्मरणरंजनाचे दोन प्रकार मानले: एक हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा बांधू पाहते, दुसरे त्या हरवण्यावरच विचार करत राहते. परदेशात राहणाऱ्या आपल्यालाही हा भेद जवळचा वाटावा. पहिल्या प्रकाराची मला भीती वाटते, कारण त्यात पाडलेला मठ आणि बुजवलेला तलाव यांना जागा उरत नाही.

मूळ कॅथेड्रलवरची उठावशिल्पे संगमरवरी होती. आजची कांस्याची आहेत. वाचलेली काही जुनी शिल्पे दोन्स्कॉय मठात आहेत. मॉस्कोला गेलात, तर आधी ती पाहा आणि मग नदीकाठी या.