दोघांची दारिद्र्यरेषा दुप्पट नसते

ज्यांना नोकरीतून आरोग्यविमा मिळतो त्यांना आजचा विषय फारसा उपयोगाचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. अमेरिकेत स्वतःचा व्यवसाय करणारे, कंत्राटी काम करणारे किंवा पासष्टीच्या आत निवृत्त झालेले आपले जे लोक सरकारी मार्केटप्लेसवरून, म्हणजे सरकारने उभारलेल्या विमा-बाजारातून, विमा घेतात, त्यांच्या हप्त्यावर लग्नाचा परिणाम होतो, आणि तो कधी कधी हजारो डॉलरचा असतो.

‘ओबामाकेअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१० च्या कायद्यानुसार हप्त्यासाठी टॅक्स क्रेडिट मिळते, म्हणजे हप्त्याचा काही भाग सरकार करसवलतीच्या रूपाने उचलते. ते किती, हे घराचे एकूण उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या किती पट आहे यावर ठरते, आणि सगळी गोम या रेषेत आहे. २०२६ च्या विम्यासाठी, अलास्का आणि हवाई सोडून, एकट्या माणसाची रेषा वर्षाला १५,६५० डॉलर आहे. दोघांची ती ३१,३०० असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती २१,१५० आहे, कारण एका छपराखाली राहणाऱ्या दोघांचा खर्च दुप्पट होत नाही असे सरकार गृहीत धरते. भाड्याच्या बाबतीत ते खरे आहे. विम्याचा हप्ता मात्र माणशी लागतो. उत्पन्न रेषेच्या चौपटीपुढे गेले की क्रेडिट बंद होते. ही अट २०२१ ते २०२५ या काळात शिथिल होती. त्या सवलतीची मुदत आता संपली आहे.

मध्यंतरी एक जोडपे माझ्याकडे सल्ल्यासाठी आले होते. मुलाचे आईवडील भारतात परतण्याआधी, २८ डिसेंबरला, विवाहनोंदणी उरकायची आणि मांडव मे महिन्यात पुण्यात घालायचा, असा त्यांचा बेत होता. समजा अशा जोडप्यात दोघांचे उत्पन्न प्रत्येकी ५०,००० आहे आणि क्रेडिटसाठी आधारभूत धरल्या जाणाऱ्या सिल्व्हर प्लॅनचा वर्षाचा हप्ता माणशी ७,२०० आहे. अविवाहित असताना प्रत्येकाने उत्पन्नाच्या ९.९६ टक्के (या उत्पन्नगटासाठी २०२६ चा ठरलेला वाटा), म्हणजे ४,९८० डॉलर भरायचे, वरचे २,२२० क्रेडिटमधून येतात. लग्न झाले की एकत्र उत्पन्न एक लाख होते, दोघांची मर्यादा ८४,६०० आहे, आणि ४,४४० डॉलरचे क्रेडिट शून्यावर येते.

उलटेही घडते. एकाचे उत्पन्न ७०,००० आणि दुसऱ्याचे काहीच नाही, असे असेल तर कमावता माणूस एकटा असताना ६२,६०० च्या मर्यादेबाहेर पडतो, पण लग्नानंतर त्याच पगारात दोघेही मर्यादेच्या आत येतात. तेव्हा दोघांचा मिळून वाटा ६,९७२ होतो आणि त्याच हप्त्यावर ७,४२८ डॉलरचे क्रेडिट मिळते. लग्न महागात पडते असे सरसकट म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझे पटत नाही.

आता तारखेचे बघा. करासाठी ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल तर सबंध वर्ष विवाहित धरले जाता. आपण मार्गशीर्षातला मुहूर्त शोधतो, आयकर खाते वर्षाचा शेवटचा दिवस पाहते. वेगवेगळे रिटर्न भरून यातून सुटता येत नाही. घरगुती छळ किंवा जोडीदाराने सोडून जाणे असे अपवाद वगळता विवाहितांना क्रेडिटसाठी एकत्र रिटर्न भरावे लागते. शिवाय २०२६ पासून अंदाजित उत्पन्नावरून वर्षभरात आगाऊ मिळालेले क्रेडिट प्रत्यक्ष हिशेबापेक्षा जास्त निघाले, तर ते जास्तीचे पूर्ण परत करावे लागते. पूर्वी कमी उत्पन्नवाल्यांना त्यावर कमाल मर्यादा होती. लग्नाच्या वर्षापुरती, रिटर्नसोबत या क्रेडिटचा हिशेब द्यायच्या फॉर्म ८९६२ मध्ये एक वेगळी आकडेमोड करण्याची मुभा आहे, तीही काही अटींवर लग्नाआधीच्या महिन्यांचा बोजा हलका करण्यापुरतीच.

जोडीदार भारतातून येणार असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२५ च्या जुलैमध्ये झालेल्या कायद्याने २०२७ पासून एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे एच-१बी सारख्या कामाच्या व्हिसाधारकाचा जोडीदार म्हणून आलेल्या, व्यक्तीला हे क्रेडिट मिळणार नाही. ग्रीन कार्डधारकांना ते चालू राहील. लग्नानंतर मार्केटप्लेसवर नवा प्लॅन घेण्यासाठी ६० दिवस मिळतात, आणि बदललेले उत्पन्न त्याच वेळी कळवले तर त्यापुढच्या महिन्यांचे जास्तीचे क्रेडिट एप्रिलमध्ये रिटर्न भरताना परत करण्याची वेळ सहसा येत नाही.