गोडाऊनमध्ये माणसं किती चालतात ते आधी बघा

नमस्कार मंडळी. गोडाऊनचं काम फास्ट कसं करायचं हा विषय निघाला की लोकं डायरेक्ट मशीनवर जातात, कन्व्हेयर बसवू, रोबोट आणू, नवीन सॉफ्टवेअर घेऊ. घ्या ना, माझं काही म्हणणं नाही, पण त्याच्या आधी एक करा. गोडाऊनच्या लेआउटची प्रिंट घ्या, एका पिकरच्या, म्हणजे ऑर्डरप्रमाणे रॅकवरून माल काढणाऱ्या माणसाच्या, मागोमाग अर्धा दिवस फिरा आणि तो जिथून जिथून जाईल तिथून पेनाने रेघ मारत जा.

त्या कागदावर सगळं दिसतं. पिकरचा बराचसा वेळ माल उचलण्यात जातच नाही हो, तो जातो चालण्यात आणि शोधण्यात. आणि गोडाऊनच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा सहसा पिकिंगचाच असतो, म्हणजे पगार आपण चालण्याचा देतोय.

आता रोज जाणारा माल ठेवलाय कुठे ते बघा. बऱ्याच ठिकाणी काय होतं, माल आला तेव्हा जी जागा रिकामी होती तिथे तो टाकला, आणि मग वर्षानुवर्षं तो तिथेच. सहा महिन्यांत एकदा जाणारा आयटम डिस्पॅचच्या दाराशी, आणि दिवसाला पन्नास वेळा लागणारा शेवटच्या रॅकला. ए-बी-सी तुम्हाला माहीत असेलच, जास्त जाणारा ए, मधला बी, पडून राहणारा सी. पण इथे एक गडबड होते, लोकं ए-बी-सी विक्रीच्या रकमेवर काढतात. पिकरला रकमेशी काय घेणं, तो किती वेळा त्या रॅकपाशी गेला ते मोजा. एका ऑर्डरमध्ये हजार नग गेले तरी फेरी एकच, आणि हजार ऑर्डरमध्ये एकेक नग गेला तर फेऱ्या हजार.

१९६३ साली जेम्स हेस्केट या अमेरिकन प्राध्यापकांनी याच्याही पुढची गोष्ट मांडली होती, आयटम जागा किती खातो त्याला ऑर्डरच्या संख्येने भागा, आकडा जितका लहान तितका तो आयटम दाराजवळ. साधं आहे, पण यातून कळतं की मोठाले खोके जास्त जात असले तरी दाराजवळची सगळी जागा त्यांनाच देऊन चालत नाही, तेवढ्या जागेत छोटे छोटे वीस आयटम बसतात.

आणि हो, सगळे फास्ट आयटम एकाच गल्लीत कोंबू नका, चार पिकर आणि चार ट्रॉल्या तिथेच अडकतात. दोन-तीन गल्ल्यांच्या तोंडाशी वाटून ठेवा. उंचीसुद्धा बघा, कमरेपासून खांद्यापर्यंतचे कप्पे रोजच्या मालाला, जड माल खाली. हे मी फक्त स्पीडसाठी सांगत नाहीये, दिवसभर वाकून वाकून माणसाची कंबर जाते.

शोधण्याचं म्हणाल तर, प्रत्येक कप्प्याला पत्ता पाहिजे. ए-०३-२-०५, म्हणजे ए गल्ली, तिसरा रॅक, दुसरा कप्पा, पाचवी जागा. आणि त्या पत्त्याचा बारकोड रॅकवर पाहिजे. आज मालावर तो असतोच, पण रॅकवर लावायला लोकं कंटाळतात, आणि मग नवीन आलेल्या पोराला जुन्या माणसाला विचारल्याशिवाय एक वस्तू सापडत नाही, तो जुना माणूस रजेवर गेला की डिस्पॅच बोंबलला. आधी जागा स्कॅन, मग माल स्कॅन, चुकीचा आयटम तिथेच पकडला जातो. तरी सारखे दिसणारे दोन आयटम शेजारी शेजारी ठेवू नकाच, एक्सएल आणि डबल एक्सएल एकाच कप्प्यात असले की घोळ ठरलेला.

मग येतं बॅचिंग, म्हणजे बऱ्याच ऑर्डर एकाच फेरीत उचलणं. समजा एका ऑर्डरसाठी पिकर दीडशे मीटर फिरतो, सहा ऑर्डर वेगवेगळ्या केल्या तर नऊशे मीटर. ट्रॉलीवर सहा क्रेट लावा, प्रत्येक क्रेट एका ऑर्डरचा, एकाच फेरीत सहाही उचला, फेरी समजा अडीचशे मीटरची झाली तरी बघा किती चालणं वाचलं. फक्त क्रेटवर नंबर मोठा टाका, नाहीतर एकाचा माल दुसऱ्याच्या क्रेटमध्ये जातो आणि वाचलेला वेळ पॅकिंगवाला निस्तरण्यात घालवतो.

एवढं करून थांबू नका मात्र, सीझन बदलला की फास्ट आयटमही बदलतात. दर महिन्याला पिकिंगचा रिपोर्ट काढा आणि सगळं गोडाऊन हलवत बसण्यापेक्षा चुकीच्या जागी असलेले वरचे वीस आयटम हलवा, ऑर्डर कमी असतात त्या वेळात, आणि हलवल्याबरोबर सिस्टीममध्ये लोकेशन बदला, उद्या करू म्हणून ठेवू नका.