तीन शब्दांचा पत्ता

डोंगरात पाय मुरगळलाय. अंधार पडत आलाय. फोनची रेंज येते-जाते, आणि पलीकडून बचाव पथकातला माणूस विचारतोय, "नेमके कुठे आहात?"

अशा वेळी तीन शब्द सांगून मोकळं व्हावं, हे कुणालाही पटेल. २०१३ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या 'व्हॉट थ्री वर्ड्स' या कंपनीने अख्ख्या पृथ्वीचे तीन बाय तीन मीटरचे सुमारे ५७ लाख कोटी चौकोन पाडले आणि प्रत्येकाला तीन शब्दांचं नाव दिलं.

घोटाळा होतो तो ऐकताना. इंग्रजीत अनेकवचनाला शेवटी एक 'स' पुरतो, आणि खरखरणाऱ्या फोनवर तो सहज गळतो. गळला तरी कुणाला पत्ता लागत नाही. इंग्रजी यादीत शब्द साधारण ४० हजार. त्यांच्या तिकड्या होतात ६४ लाख कोटी. म्हणजे यादीतले कुठलेही तीन शब्द जोडा, बहुतेक वेळा तो कुठला तरी खरा चौकोन निघतोच!

२०२१ मध्ये इंग्लंड आणि वेल्सच्या डोंगरी बचाव पथकांनी नेमकी हीच तक्रार केली. त्यांना मिळालेले काही पत्ते थेट व्हिएतनाम आणि चीनमधले होते. ते निदान लगेच कळतात. पत्ता शेजारच्या दरीतला निघाला, तर पथक खुशाल तिकडे चालू लागेल.

आता अक्षांश-रेखांशाचे आकडे बघा. अक्षांशात दशांश चिन्हानंतरचा तिसरा आकडा एकाने चुकला, तर फरक सुमारे १११ मीटरचा. पाचवा चुकला, तर जेमतेम मीटरभर. शिवाय दोन ठिकाणांचे आकडे शेजारी ठेवले की कोण कुणाच्या उत्तरेला, हे नुसतं बघून सांगता येतं. शब्दांना असा शेजार नसतो. लागून असलेल्या दोन चौकोनांच्या नावांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

आकडेही तसे साळसूद नाहीत. पहिलाच चुकला तर शेकडो किलोमीटरची फेकाफेक. पण ते कागदी नकाशावर पट्टी ठेवून शोधता येतात, कुणा कंपनीला विचारावं लागत नाही.

आणि गंमत म्हणजे, फोन उपग्रहांच्या मदतीने आधी आकडेच काढतो. शब्द त्यावर नंतर चढवले जातात. आता तर अनेक देशांत आणीबाणीचा क्रमांक फिरवला की स्मार्टफोन स्वतःच अक्षांश-रेखांश पाठवून देतो, पाय मुरगळलेल्याने तोंड उघडण्याआधी.