जपान चला, पडशात!

श्रावणातली सुकती. मालवणच्या किनाऱ्यावर होड्या अजून झापांखाली आहेत. पाणी ओसरलं की खडप, म्हणजे किनाऱ्यालगतचा कातळ, थोडा वेळ उघडं पडतं आणि कोयती-टोपली घेऊन बाया कालवं काढायला उतरतात. कॅमेरा छातीशी धरून आम्ही त्यांच्या मागे.

"जपान चला, पडशात!"

मालवणीत जपान म्हणजे जपून. पाय घसरतोय तो याच्यावरून.

हे पाहा. भिजलेल्या कांद्याच्या सालीसारखा, समुद्री शेवाळाचा जांभळट तपकिरी पापुद्रा. बोटावर पसरला तर खालच्या रेषा दिसतात. दिसणारच, याची जाडी अवघ्या एका पेशीची. जुनं शास्त्रीय नाव पोर्फायरा व्हिएतनामेन्सिस. जपानात सुशीच्या भाताभोवती गुंडाळतात ती नोरी याच्याच भाऊबंदांची. धुऊन, वाळवून तव्यावर शेकला की लाल रंगद्रव्य मोडतं आणि त्याखाली झाकलेलं हिरवं वर येतं. चव खारट, मला तरी सुक्या जवळ्याची आठवण झाली. आमच्यासोबतच्या बायांना मात्र हे नुसतं शेवाळ. कालवं टोपलीत, हे पायाखाली.

पाऊस सरतो, ऊन तापतं, पापुद्रा करपून जातो. कातळ कोरडा ठणठणीत. मग पुढच्या पावसात हे येतं कुठून?

या प्रश्नाने जपानी नोरीवाल्यांना पिढ्यान् पिढ्या छळलं. उथळ समुद्रात बांबू रोवायचे आणि त्यांवर नोरी धरायची वाट पाहायची. बी कुठलं, कुणालाच ठाऊक नाही. उत्तर सापडलं इंग्लंडात. मँचेस्टरच्या शेवाळ-अभ्यासक कॅथलीन ड्र्यू-बेकर यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलं, की तिकडच्या पोर्फायराचे बीजाणू शिंपल्यांत शिरतात आणि आत गुलाबी तंतू होऊन राहतात. तोवर त्या तंतूंना सगळे वेगळंच शेवाळ समजत होते, नावसुद्धा वेगळं दिलं होतं! मग जपान्यांनी शिंपल्यांतच बी धरायला सुरुवात केली. बाई कधी जपानला गेल्या नाहीत. १९५७ मध्ये त्या वारल्या, आणि १९६३ मध्ये जपानातल्या उतो इथल्या समुद्राकाठी नोरीवाल्यांनी त्यांचं स्मारक उभारलं.

भरती लागली. टोपल्या डोक्यावर चढल्या. खडपात पडलेलं कालवाचं एक रिकामं झाकण उचलून आम्ही उजेडात धरलं, गुलाबी काही दिसतंय का म्हणून.

"ता कित्याक व्हया तुमका?"