बाळंतिणीच्या खोलीतला उजेड
(रत्नागिरीत छायाचित्रकारांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, नवजात बाळाच्या फोटोंबद्दल बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कॅमेरा कोणता घेऊ? तो आधी संपवतो. लग्नाच्या कामाला वापरता तोच चालेल. फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर पन्नास मिलिमीटरची लेन्स, क्रॉप, म्हणजे लहान सेन्सर असेल तर पस्तीसची. पंच्याऐंशीची घरी ठेवा, कारण आपल्या खोल्यांमध्ये मागे सरकायला भिंत आड येते. लेन्सचं छिद्र एफ १.८ इतकं मोठं उघडलं तर पापणी शार्प येते आणि ओठ धूसर, म्हणून एफ ४ च्या आसपास राहा आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १६०० करायला घाबरू नका. झालं.

आता उजेडाकडे येऊ. पैसे आणि डोकं तिथेच खर्च करायचं आहे. आपल्याकडे बाळाला घेऊन स्टुडिओत येणारे थोडे. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली असते, माहेर लांज्याच्या नाहीतर राजापूरच्या आतल्या वाडीत, आणि तिथे आपणच जायचं असतं. बाळंतिणीची खोली बहुधा घरातली सगळ्यात अंधारी. पावसासाठी छप्पर खाली उतरवलेलं, पुढे पडवी, खिडकी लहान आणि तिच्याबाहेर आंबा नाहीतर पोफळी. आत येणारा उजेड पानांवरून आलेला, म्हणजे हिरवट. खाली लाल कोबा, बाजूला चिऱ्याची भिंत, त्यांचा तांबूस रंग बाळाच्या हनुवटीखाली चढतो. एकाच गालावर दोन रंग! कॅमेऱ्याचा ऑटो व्हाईट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवणारी सोय, इथे हात टेकते. कोब्यावर आधी पांढरी चादर अंथरा, मग बाळ ठेवलं तिथेच ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचा राखाडी पुठ्ठा, धरून व्हाईट बॅलन्स घ्या. खोलीतला पिवळा बल्ब बंद करा. तो रंग बिघडवतोच, शिवाय स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो आणि सायलेंट, म्हणजे बिनआवाजाच्या इलेक्ट्रॉनिक शटरवर फोटोत आडवे पट्टे येतात.

जुन्या घरात मी आधी वर बघतो, काचेचं कौल आहे का. अकराच्या सुमारास त्यातून उन्हाचा चौकोन जमिनीवर पडतो आणि हळूहळू सरकत राहतो. त्या चौकोनात बाळाला कधीच ठेवू नका. ऊन डोळ्यांवर कधी येईल ते कळत नाही. पण कौलाखाली धुतलेलं पांढरं मलमल दुहेरी करून चार कोपऱ्यांना दोरीने ताणून बांधलं, की विकत घेतलेल्या सॉफ्टबॉक्सने, म्हणजे दिव्याचा उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेटीने लाजावं असा उजेड मिळतो. बाळ बरोबर खाली ठेवू नका, तसं केलं तर चेहरा सपाट येतो. थोडं बाजूला सरकवा, डोकं उजेडाकडे, पाय अंधाराकडे.

ही दिशा सगळ्यात महत्त्वाची. उताण्या झोपलेल्या बाळाचं ‘वर’ म्हणजे छत नव्हे, टाळू. उजेड टाळूच्या बाजूने तिरका आला पाहिजे, नाकाची छोटी सावली ओठाकडे पडली पाहिजे. खिडकी पायांकडे असेल तर सावली कपाळाकडे चढते आणि हनुवटीखाली टॉर्च धरल्यासारखं भेसूर तोंड दिसतं. अशा वेळी खिडकी हलत नाही, गादी फिरवायची.

आषाढात दुपारी तीनलाच अंधारून येतं, आणि लाईट जाते. म्हणून बॅटरीवर चालणारा एलईडी घ्या. वॉटपेक्षा त्याचा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा बघा, ९५ च्या वर हवा. त्याला साठ ते नव्वद सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स लावा आणि तो जवळ आणा, अगदी हातभर. लग्नाच्या सवयीने आपण स्टँड कोपऱ्यात उभा करतो. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव उरतो, आणि बाळाच्या दृष्टीने तोच मोठा दिवा लहान होऊन सावल्या कडक होतात. पण जवळ आणायचा तर स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी हवीच. आपल्याला वाळूची काय कमी! पिशवी नसेल तर कोणाला तरी स्टँड धरून बसवा.

फ्लॅशने बाळाचे डोळे जातात का, हे प्रत्येक घरातली आजी विचारते. साध्या फ्लॅशने इजा होते याला पुरावा नाही. पण बाळ दचकतं, हात फेकतं, झोप मोडते, आणि आजीचा आपल्यावरचा विश्वासही. मी फ्लॅश वापरत नाही.

वेळेचंही बघा. वळकटी होऊन गाढ झोपायचे दिवस साधारण पाचव्यापासून चौदाव्यापर्यंत. पण जन्मानंतरचे पहिले दहा आपल्याकडे सोयरात जातात, आणि बोलावणं येतं ते बाराव्याला, बारशाला. तेव्हा बाळ पंधरा हातांतून फिरून रडवेलं झालेलं असतं. बारशाचे फोटो बारशाला काढा, पण बाळाचे स्वतंत्र फोटो दुसऱ्या दिवशी न्हाऊ घातल्यावर. तेलपाणी, दूध, मग दोन तास शांतता. तेल मात्र कपाळावर चकाकतं. पुसायला गेलात तर आजी रागावेल, त्यापेक्षा लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर फिरवून चकाकी कमी करा. गालावरची तीट राहू द्या, पुढे हीच मुलगी तो फोटो हौसेने दाखवेल. धुरीचा शेगडा खोलीत असेल तर आधी बाहेर न्यायला सांगा. धूर काचेवरही बसतो आणि बाळालाही बरा नव्हे.

एसी गाडीतून उतरून लगेच बॅग उघडलीत तर थंड लेन्सवर दमट हवेचं पाणी धरतं. बॅग बंदच ठेवून अर्धा तास चहा-गप्पा होऊ द्या. तेवढ्यात आईला विचारून घ्या, बाळ कधी प्यायलं, कोणत्या कुशीवर झोपतं. वरून फोटो घेताना कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात हवाच. हनुवटी तळव्यांवर टेकवून बसलेलं बाळ नेटवर दिसतं ना, ते दोन फोटो जोडून केलेलं असतं. प्रत्येकात कुणाचा तरी हात बाळाला धरून असतो. तशी बाळं बसत नाहीत, बसवायचीही नाहीत.

शेवटचा मुद्दा एडिटिंगचा. पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या साठेक बाळांना पहिल्या आठवड्यात थोडी कावीळ दिसते. व्हाईट बॅलन्स नीट घेऊनही कातडी पिवळी येत असेल, पोटापायांपर्यंत असेल, तर फोटो थांबवून घरच्यांना डॉक्टरांकडे पाठवा, कोवळ्या उन्हात ठेवा असं सांगू नका. आणि ‘जरा गोरा करून द्या हो’ असं म्हणणारा मामा प्रत्येक घरात भेटतो. त्याला मी ग्रे कार्डाचा फोटो दाखवतो, म्हणतो, बाळ या रंगाचंच आहे, बघा. बहुतेक वेळा आईच म्हणते, राहू दे तसंच.